हातोड्याखालचं गोणपाट

माझा उजवा खांदा आता पुरता गेलाय. सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना पहिली आठवण होते ती हातोड्याची, चहाची त्यानंतर. साडेचार किलोचा लोखंडी हातोडा दीड फुटावरून सोडायचा, उचलायचा, परत सोडायचा. एका बाजूनं पंचाहत्तर ठोके, मग साचा उलटा करून दुसऱ्या बाजूनं पंचाहत्तर. एवढं केलं की गरम खडी-डांबराची एक वडी तयार होते, चार इंच रुंद आणि अडीच इंच उंच. अशा दिवसाला दहा-बारा वड्या, आणि अशी वीस-बावीस वर्षं. एकूण ठोके किती झाले याचा हिशेब मी करत नाही, केला म्हणून खांदा काही बरा होत नाही.

लोक विचारतात, तुम्ही नेमकं करता काय? मी सांगतो, रस्ता व्हायच्या आधी तो टिकेल का ते बघतो. ती वडी साठ अंशाच्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवायची, कारण आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात डांबरी रस्ता तेवढा तापतोच. मग मशिनीत धरून दाबायची. किती भार सोसून फुटली आणि फुटायच्या आधी किती चेपली, ते मोजायचं. आत पोकळी किती राहिली तेही काढायचं. त्यावरून ठरतं, खडीत डांबर किती घालायचं. कमी पडलं तर खडी सुटते. जास्त झालं तर उन्हात रस्ता मऊ पडतो आणि जड गाड्यांच्या चाकाखाली दबून लांबच लांब चाकोऱ्या पडतात. ऐकणारा मान डोलवतो आणि म्हणतो, मग आमच्या गावचा रस्ता असा कसा?

हे सांगायला बसलो ते एका रोलरवाल्यामुळं. येरमाळ्याच्या अलीकडं आमच्या कंपनीनं केलेल्या रस्त्याला चढावर चाकोऱ्या पडल्या. खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि त्याला कामावरून काढलं. साठीला आलेला माणूस. 'दाबाई कमी केल्यानं रस्ता बिघडला' असा शेरा लागलेल्याला या धंद्यात परत कुणी रोलरवर बसवत नाही. चूक त्याच्या रोलरची होती की माझ्या हातोड्याची, एवढाच प्रश्न होता. आणि उत्तर शोधणाराही मीच होतो, कारण लॅब माझ्याकडं होती.

तर पहिल्यापासून सांगतो. काम सुरू झालं तेव्हा खडी-डांबर मिसळायच्या प्लांटवरच्या लॅबचे नुसते खांब उभे होते. वर पत्रा नाही, खाली फरशी नाही. वरून तगादा, की डांबराचं प्रमाण लगेच ठरवून द्या, काम अडलंय. मग रस्त्याकडंच्या एका गावात दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि त्यात लॅब थाटली. ओव्हन, वजनकाटा, पाण्याची टाकी, वडी फोडायची मशीन, सगळं कसंबसं बसवलं. ठोके मारायची विजेवरची मशीन नादुरुस्त होऊन पडली होती, ती पुण्याहून दुरुस्त होऊन यायला दोन महिने लागणार होते. म्हणून ठोके हातानं.

हातोड्याखाली एक लाकडी ठोकळा असतो, वर लोखंडी पाटी बसवलेला. तो काँक्रीटमध्ये बोल्टांनी आवळलेला पाहिजे, हा नियम. घरमालक म्हणाला, शहाबादी फरशी फोडायची नाही, मुलाच्या लग्नात बसवलीय. मी म्हटलं बरं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, ठोकळा तसाच ठेवू. जड आहे, कुठं जातोय? ही पहिली ढिलाई. तिचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. अशा ढिलायांवरच तर आमची कामं पुरी होतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारच्या घरातली बाई दारात आली. पन्नाशीची असेल. पदर खोचलेला, हाताला तेल लागलेलं.

"भाऊ, काय कुटायलाव वो दिवसभर?"

मी सांगितलं, रस्त्याचं काम आहे, डांबर तपासतोय.

"तपासा की, कोण न्हाय म्हणतंय? पण लेक बाळंतपणाला आलीय माझी. भिंतीला भिंत हाय आपली. तुमी एक दणका घातला की लेकरू तिकडं दचकून उठतंय. रात्रभर ती जागी, दिवसा तुमी झोपू देईनाव."

मी म्हटलं, "मावशी, ठोके मारल्याशिवाय भागत नाही हो."

"मारू नका म्हणत न्हाय म्या. जरा दमानं मारा. सव्वा महिना झाला की जाईल ती सासरला, मंग भिंत पाडा."

आता हातोडा दमानं मारता येत नाही. त्याचं वजन ठरलेलं, उंची ठरलेली, तो आपला आपण पडतो. पण ती बाई खरोखर दमलेली दिसत होती आणि पलीकडून लेकराचं बारीक रडणं चालूच होतं. मी मागच्या अंगणात गेलो. तिथं खडीच्या नमुन्यांची रिकामी गोणपाटं पडली होती आणि क्रशरवरच्या जुन्या पट्ट्याचा एक रबरी तुकडा होता. रबर खाली घातलं, त्यावर गोणपाटाच्या चार घड्या, त्यावर ठोकळा. एक ठोका मारून बघितला. फरशीतून जो ठणका भिंतीत जायचा तो गेलाच नाही. नुसतं धप्प झालं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं वाटीभर अळिवाचे लाडू पाठवले. म्हणाली, बाळंतिणीच्या वाट्याचे हायत, पण खा. लेकरू झोपायलंय आता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वीस वर्षांत लॅबवाल्याला कुणी लाडू दिल्याचं आठवत नाही.

आणि दुसरं एक खरं सांगायचं तर गोणपाट घातल्यापासून खांदाही हलका झाला होता. आधी हातोडा पडला की उलटा झटका कोपरापासून मानेपर्यंत यायचा. आता तो येईना. लेकराचं निमित्त झालं खरं, पण ते लेकरू सव्वा महिन्यानं गेलं तरी गोणपाट तिथंच राहिलं, ते माझ्या खांद्यासाठी. चिंचोके या वाटीतून त्या वाटीत टाकत मी ठोके मोजायचो, दर पाच ठोक्यांना एक चिंचोका. पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर, एक कमी नाही की जास्त नाही. मोजण्यात मी कधी लबाडी केली नाही. त्याचा मला अभिमानही होता.

वड्यांचे आकडे आले. पोकळी जरा जास्त दिसत होती. चार टक्क्यांच्या आसपास पोकळी पाहिजे, ती येईना. मग डांबर थोडं वाढवून बघितलं, अजून थोडं वाढवलं, तेव्हा कुठं पोकळी जागेवर आली. इथली खडीच अशी असेल, असं मनाशी धरलं. भार, चेपणं, सगळं नियमात बसत होतं. प्रमाण ठरलं. अहवालावर सही केली. प्लांटवर माल निघायला लागला.

रोलरवाला तेव्हा भेटला. उमरग्याकडच्या मुरुम गावचा. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, आणि रोलरवर चढायच्या आधी ड्रमवरून एकदा हात फिरवायची सवय. तीस वर्षं रोलर चालवत होता. माल किती गरम असताना दाबायला सुरुवात करायची, कुठं थांबायचं, कुठं वळायचं, हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. दुपारी सावलीला बसून भाकरी खायचा. भाकरीबरोबर बोटभर लांबीची हिरवी मिरची. आम्हालाही बोलवायचा. बोलायचा कमीच.

रस्ता झाल्यावर त्याचे गोल तुकडे, म्हणजे कोअर, कापून काढतात आणि त्यांची घनता लॅबच्या वडीशी ताडून बघतात. रस्ता वडीच्या जवळपास दाबला गेला तर काम पास. आमचे तुकडे शंभर टक्क्यांच्या वर आले. म्हणजे माझ्या वडीपेक्षा रस्ताच जास्त घट्ट. साइटवरच्या मॅनेजरनं चाचाच्या पाठीवर थाप मारली. मलाही आनंद झाला. आता विचार करतो तर तिथंच मला थांबायला पाहिजे होतं. रोलरनं माझ्या हातोड्यापेक्षा जास्त दाबलं कसं? विहीर भरली म्हणून खुश व्हावं आणि पाणी आलं कुठून ते बघूच नये, तसं झालं.

रस्ता झाला तेव्हा थंडी होती. मग ऊस सुरू झाला. ट्रॅक्टरामागं दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, त्या चढावर मुंगीच्या पायानं जायच्या. फेब्रुवारी सरेस्तोवर उन्हाचा कडाका वाढला. एक दिवस मी मोटारसायकलवरून चढ चढत होतो, तर पुढचं चाक आपोआप एका बाजूला ओढलं गेलं. उतरून बघितलं. चाकांच्या दोन्ही पट्ट्या दबल्या होत्या आणि कडेला माल फुगून वर आला होता. खालचा पट्टा काळा, तेलकट, चकाकत होता. तिथंच रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिलो थोडा वेळ.

आठ दिवसांत सरकारी अभियंता आले. रस्त्यावर आडवी पट्टी ठेवली, खाली फट किती ती मोजली. मॅनेजर त्यांच्या मागं मागं. अभियंता म्हणाले, दाबाई कमी झालीय, गाड्यांनी उरलेली दाबली. मॅनेजर म्हणाला, पण कोअर पास झालेत साहेब. ते म्हणाले, कोअर तुम्ही सपाटीचे काढलेत, चढावर एकही नाही. ही गोष्ट खरी होती. चढावर रोलर मारायला त्रास होतो, तिथं रोलरवाल्यानं फेऱ्या मारल्या नसतील, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष निघायला पाच मिनिटं लागली. चाचा तिथंच उभा होता. "समद्या फेऱ्या मारल्या साहेब," एवढंच म्हणाला. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी लेखी शेरा देऊन त्याला काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फक्त चोर कोण, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, असं मी मनाला सांगत होतो.

मॅनेजरनं मला चढावरचे तुकडे काढून तपासायला लावले. कागदाला कागद पाहिजे म्हणून. चाकोरीतला तुकडा काढला आणि वजन केलं, तर आत पोकळी जवळपास नाहीच. नुसती दाबाई कमी असती तर गाड्यांनी दाबून तो बरोबर चार टक्क्यांवर येऊन थांबला असता. हा थांबला नव्हता. खडीच्या मधली जागा सगळी डांबरानं भरली होती आणि खडी डांबरावर तरंगल्यासारखी झाली होती. असा माल कुणीही दाबला, कितीही दाबला, तरी उन्हात सरकणारच, आणि जड ट्रॉल्या जिथं सावकाश चढतात तिथं आधी. रोलरचा यात संबंध नव्हता. डांबर जास्त होतं. आणि डांबर किती घालायचं ते मी ठरवलं होतं.

तोपर्यंत प्लांटवरची लॅब तयार झाली होती. ठोकळा काँक्रीटमध्ये आवळलेला. जुन्या खडीच्या गोण्या शिल्लक होत्या. त्याच खडीची, त्याच प्रमाणाची वडी परत करायला घेतली. विजेची मशीन आली होती, पण ती लावली नाही, हातानंच ठोके मारले. पहिला ठोका पडला आणि झटका मानेपर्यंत गेला. तेवढ्यानंच कळलं. हात थांबला माझा. तरी पंचाहत्तर पुरे केले, दुसऱ्या बाजूनं पंचाहत्तर पुरे केले. वडी थंड झाल्यावर मापली. पोकळी दीडच्याही खाली. मशिनीत घातली तर फुटायच्या आधी मऊ पेढ्यासारखी चेपत गेली.

खाली जमीन घट्ट असेल तर ठोक्याचा सगळा जोर मालात जातो. खाली गोणपाट आणि रबर असेल तर बराचसा जोर तेच गिळतात. माझ्या वड्या कच्च्या कुटलेल्या होत्या. कच्ची वडी पोकळ राहिली, पोकळ दिसली म्हणून मी डांबर वाढवलं, आणि ती पोकळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून संपवल्यावर जादा डांबराला जायला जागाच उरली नाही. शंभरच्या वर टक्के आले ते याच्यामुळं. ठोके मोजले बरोबर, आणि पंचाहत्तरातले कितीतरी गोणपाटाला गेले. लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली. या वयात दुसरीकडं कुठं जाऊ, हा विचार आधी आला आणि चाचाचा नंतर. क्रम हाच होता, तो बदलून सांगत नाही.

दोन दिवस गप्प राहिलो. मग मॅनेजरला सांगितलं. तो माझ्या पोराच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोळे चोळले.

"काका, रस्ता तर उकरून परत टाकायचाच आहे, चूक कुणाचीही असो. राहिला चाचांचा प्रश्न. लॅबनं लेखी दिलं तर मी शेरा मागं घेतो आणि त्यांना परत घेतो. पण ते लेखी वर जाणार. वर गेल्यावर तुमचं काय होईल ते माझ्या हातात नाही."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मी आज काही ऐकलेलं नाही. बघा, घाई नाही."

घाई नव्हतीच कुणाला. घाई होती ती मुरुमला बसलेल्या एका माणसाला. मी आठ दिवस घालवले. रोज सकाळी कोरा कागद पुढं घ्यायचा, 'विषय' लिहायचा, आणि मग कुठलं तरी चाचणीचं काम निघायचं. शेवटी ठरवलं, आधी चाचाला भेटावं, तोंडी माफी मागावी. आता मन उघडं करतोच आहे तर हेही सांगतो: मला वाटत होतं, भला माणूस आहे, मी एवढ्या लांबून गेलो, हात जोडले, तर तो म्हणेल, जाऊ द्या साहेब, नशिबात होतं. तो तसं म्हणाला की माझी सुटका.

रविवारी एसटीनं निघालो. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा करत मुरुमला पोचेस्तोवर दुपार झाली. उन्हानं आणि धक्क्यांनी अंगात त्राण उरलं नव्हतं. रस्त्यात जिथं जिथं चाकोरी लागली तिथं तिथं बस हेलकावली, आणि प्रत्येक वेळी मी खिडकीतून खाली बघितलं. ही खोड आता जायची नाही.

चाचाचं घर विचारत गेलो. दारासमोर कडुलिंबाच्या सावलीत पोत्यावर बसून तो चिंचा फोडत होता. शेजारी त्याची बायको आणि सून. कुणा व्यापाऱ्याकडून आणलेल्या चिंचा, टरफलं एकीकडं, चिंचोके एकीकडं. अख्ख्या गल्लीत हे काम बायकाच करत होत्या. त्यांच्यात हा एकटा पुरुष. रोलरवर ताठ बसणारा माणूस इथं पाठीत वाकून बसला होता.

त्यानं उठून बाज टाकली. पाणी दिलं, चहा सांगितला. कामाचं काही विचारलं नाही. चहा झाल्यावर मीच सांगितलं. गोणपाटापासून सगळं. बाळंतीण, लेकरू, माझा खांदा, वाढवलेलं डांबर, नवी वडी. सून उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. चाचाचे हात चिंचेवरच होते, पण फोडत नव्हता.

मी म्हटलं, "चाचा, चूक माझी होती. तुमची काही चूक नव्हती. हात जोडतो."

त्यानं हातातली चिंच खाली ठेवली. मग म्हणाला, "कागद आणलाव का?"

"कागद नाही. म्हटलं आधी तुमच्या कानावर घालावं."

"साहेब, मला तोंडानं काढलं आसतं तर तोंडी चाललं आसतं. मला कागदावर काढलं. मला वाचता येत न्हाय, तो शेरा ह्या सुनेनं वाचून दाखविला, समद्या घरासमोर. जावई बसला होता. तो ट्रक चालवतो, त्याच रस्त्यानं जातो. आता तुमी तोंडानं बोललाव, ते मी त्याला कसं दाखवू?"

आवाज चढलेला नव्हता. सुनेनं आतून पोराच्या वहीचे दोन कागद फाडून आणले, पेन आणलं, आणि टेकण म्हणून पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला. कुणी मला लिहा म्हणालं नाही.

मी लिहिलं. माझं पद लिहिलं, लॅब कुठं होती ते लिहिलं, ठोकळा जमिनीला आवळलेला नव्हता आणि त्याखाली गोणपाट नि रबर मी स्वतः घातलं होतं, ते लिहिलं. त्यामुळं डांबराचं प्रमाण जास्त निघालं, चाकोऱ्या त्यामुळंच पडल्या, रोलरच्या दाबाईत काही कसूर नव्हती, हेही लिहिलं. खाली सही केली. लिहिता लिहिता एकदम थकवा उतरल्यासारखं झालं. आठ दिवस जे होत नव्हतं ते अर्ध्या तासात झालं होतं. सुनेनं ते मोठ्यानं वाचलं, अडखळत, पण सगळं. सासू चिंचेचे हात पदराला पुसत ऐकत होती.

याच कागदावर चाचा पुढं कामावर परत आला, हे इथंच सांगून टाकतो. शेरा निघाला, उकरून परत टाकलेला चढ त्यानंच दाबला. मला काढलं नाही, पण अहवालावर सही करायचा अधिकार गेला. आता सही दुसरा करतो आणि मी ठोके मारतो. पण हे नंतरचं.

वाचून झाल्यावर मी उठायला लागलो. उमरग्याची गाडी धरायची होती. चाचा म्हणाला, "समदं लिहिलाव?"

"सगळं लिहिलं."

"तिसऱ्या दिवसाचं?"

मी खाली बसलो.

ते मी विसरलो नव्हतो. मॅनेजरला सांगितलं नव्हतं, या कागदात लिहिलं नव्हतं, आणि आत्तापर्यंत तुम्हालाही सांगितलेलं नाही. चढावर काम सुरू होऊन तिसरा दिवस होता. चाचानं रोलर बंद केला आणि खाली उतरून माझ्याकडं चालत आला. तापलेल्या मालाचा थोडा चुरा त्यानं हातरुमालात धरून आणला होता. म्हणाला, साहेब, माल तेलकट लागायलाय, ड्रमापुढं सरकायलाय, एकदा बघा. माझ्या खिशात त्याच दिवशी आलेला शंभरच्या वरचा आकडा होता. तो कागद मी त्याच्यासमोर धरला, वाचता येत नाही हे ठाऊक असून. आणि म्हणालो, चाचा, तुमचं काम दाबायचं, मोजायचं काम माझं. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. तो रुमाल झटकून परत रोलरवर चढला.

त्या दिवशी बघितलं असतं तर पुढचा सगळा चढ वाचला असता. गोणपाट चुकून घातलं होतं. हे चुकून झालं नव्हतं.

सुनेनं कागद परत माझ्यापुढं ठेवला. सहीच्या वर जागा नव्हती, म्हणून सहीच्या खाली लिहिलं. 'तिसऱ्या दिवशी रोलरवाल्यांनी मला हे सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' त्याखाली परत सही केली. आधीचं पान भरायला अर्धा तास लागला होता. या दोन वाक्यांना त्याहून कमी वेळ लागला नसेल.

सुनेनं कागद उचलला आणि तेवढंच वाचलं.

चाचानं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "पुन्हा एकदा वाच."